मोटारीची नवी चाके : नटांची निवड कशी करावी?

बंगळुरूमधील जयचामराजेंद्र रस्ता, अर्थात जेसी रोड, ही मोटारींच्या सुट्या भागांची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. कंपनीने दिलेली चाके काढून त्याऐवजी मिश्रधातूची चाके, म्हणजेच अलॉय व्हील, घेणारे ग्राहक येथे येतात. चाकांचा आकार, नक्षी व रंग यांची निवड बारकाईने केली जाते; मात्र ती चाके गाडीला धरून ठेवणाऱ्या नटांकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. चाकाला चार छिद्रे असल्यास गाडीला असे १६, तर पाच छिद्रे असल्यास २० नट लागतात.

नटाचे कार्य

चाक केवळ स्टडवर टांगलेले नसते. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे चाक हबवर घट्ट दाबले जाते. गाडीचा भार आणि ब्रेकचा जोर मुख्यतः या दाबातून निर्माण होणारे घर्षण पेलते. दाब कमी झाल्यास चाक सूक्ष्म प्रमाणात सरकू लागते, स्टडवर वारंवार वाकण्याचा ताण येतो आणि धातूला थकवा येऊन तो तुटू शकतो. म्हणून नट निवडताना एक सूत्र ध्यानात ठेवावे : आटे गाडीनुसार, बैठक चाकानुसार.

आट्यांचे माप

मारुती सुझुकी स्विफ्टचे स्टड १२ मिलिमीटर व्यासाचे असून दोन आट्यांमधील अंतर १.२५ मिलिमीटर असते. होंडा सिटी व टोयोटा इनोव्हा या गाड्यांच्या स्टडचा व्यास तितकाच असला, तरी आट्यांचे अंतर १.५ मिलिमीटर असते. दोन्ही प्रकारचे नट दिसायला सारखे असल्याने गफलत होऊ शकते. चुकीचा नट पहिले काही फेरे बसतो, नंतर अडकतो. अशा वेळी यंत्राने जोर लावल्यास स्टडचे आटे कापले जातात. म्हणून प्रत्येक नट प्रथम हाताने फिरवून पाहावा. फोक्सवॅगन आणि स्कोडा यांच्या मोटारींना नटांऐवजी बोल्ट असतात. नवे चाक जाड किंवा पातळ असल्यास बोल्टची लांबीही त्यानुसार बदलावी लागते. फार लांब बोल्ट हबच्या मागील भागांना घासू शकतो.

बैठक

नट चाकाच्या छिद्रात ज्या पृष्ठभागावर टेकतो, त्याला बैठक म्हणतात. ती निमुळती, गोलाकार किंवा सपाट असते. बाजारातील बहुतेक अलॉय चाकांना ६० अंशांची निमुळती बैठक असते. होंडाच्या मूळ नटांची बैठक मात्र गोलाकार असते, तर टोयोटाच्या काही मूळ अलॉय चाकांना सपाट वॉशरचे नट असतात. हेच नट निमुळत्या छिद्रात वापरल्यास धातूचा स्पर्श केवळ एका अरुंद कडेपुरता होतो. सुरुवातीला नट घट्ट वाटतो. परंतु काही प्रवासांनंतर मऊ मिश्रधातू दबतो आणि पकड ढिली होते. नव्या चाकांना जुनेच नट चालतील, असे गृहीत धरू नये.

लांबी आणि धातू

नट स्टडवर किमान स्टडच्या व्यासाइतका आत गेला पाहिजे. १२ मिलिमीटरच्या स्टडवर १.५ च्या आट्यांसाठी हे प्रमाण सुमारे ८ फेरे, तर १.२५ साठी ९ ते १० फेरे होते. बंद टोकाच्या नटांत उलट धोका असतो : स्टडचे टोक आतून टेकले, तर चाक आवळले न जाताच नट घट्ट झाल्यासारखा वाटतो.

रोजच्या वापरासाठी फोर्जिंग केलेल्या अखंड पोलादाचे नट योग्य ठरतात. अॅल्युमिनियमचे रंगीत नट हलके असतात. पण वारंवार काढघाल केल्यास त्यांचे आटे झिजतात. पोलादावर चकचकीत पत्र्याची टोपी चढविलेल्या नटांत पाणी शिरून गंज धरतो, टोपी फुगते आणि पंक्चरच्या वेळी पाना बसत नाही. खास चावीने उघडणारे नट घेतल्यास ती चावी कायम गाडीत ठेवावी.

बसविताना घ्यावयाची काळजी

हबचा पृष्ठभाग गंज व मातीपासून स्वच्छ करावा. निर्मात्याने सांगितले नसल्यास आट्यांना तेल लावू नये. तेलामुळे घर्षण घटते आणि तेवढ्याच जोरात स्टड प्रमाणापेक्षा जास्त ताणला जातो. चाक अधांतरी असताना नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. त्यानंतर गाडी जमिनीवर उतरवून टॉर्क रेंचने अंतिम माप द्यावे. होंडा सिटीसाठी ते १०८, तर फोक्सवॅगन पोलोसाठी १२० न्यूटन-मीटर आहे. आपल्या गाडीचा आकडा मालक-पुस्तिकेत पाहावा.

नवे चाक व नट पहिल्या काही किलोमीटरांत आपली जागा घेतात, त्यामुळे पकड थोडी सैल होऊ शकते. म्हणून ८० ते १६० किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत. बंगळुरूहून पुणे किंवा मुंबईकडे निघण्यापूर्वी ही तपासणी उरकून घेणे श्रेयस्कर. प्रवासात स्टिअरिंग अचानक थरथरू लागल्यास, चाकातून ठकठक आवाज आल्यास किंवा नटाभोवती गंजाचे ताजे ओघळ दिसल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि नट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.