लंगड्या घोड्याचे घर

मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘नालबंदी’ हा शब्द वारंवार भेटतो. मोहिमेआधी घोडदळाच्या खर्चासाठी दिलेली आगाऊ रक्कम, असा त्याचा अर्थ. दाणा, वैरण, खोगीर असे कितीतरी खर्च असताना या रकमेला नाव मिळाले ते नाल या शब्दावरून. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणाऱ्या शिलेदाराचे पोटच खुरावर अवलंबून असे. पण नाल ठोकूनही जो घोडा सरळ चालणार नाही, त्याचे पुढे काय? लढाऊ घोड्यांच्या कथा आपण जपल्या; लंगडलेल्यांचा माग मात्र त्यांच्या खरेदी-विक्रीतून काढावा लागतो.

त्यासाठी आधी खूर समजून घ्यायला हवे. घोड्याचे खूर म्हणजे मधल्या बोटाचे जाड झालेले नखच. त्याची भिंत महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढते. पुढच्या बाजूने ती पूर्ण नवी व्हायला नऊ महिने ते वर्ष लागते. ही भिंत आणि आतले हाड यांना शेकडो पातळ पापुद्रे धरून ठेवतात. त्यांना सूज आली, म्हणजे ‘लॅमिनायटिस’ झाला, की पकड ढिली होते आणि हाड जागा सोडू लागते. मग विश्रांती, मोजका चारा आणि दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घेणे. हे वर्षानुवर्षे चालते आणि तरीही घोडा पुन्हा कामाचा होईलच असे नाही. यात अडचण अशी, की उभा असताना तो धडधाकट दिसतो.

बाजाराने याच गोष्टीचा फायदा घेतला. एकोणिसाव्या शतकात युरोपात जुनाट लंगडेपणावर पायाची नस कापण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. दुखणे तसेच राही, फक्त वेदना थांबे. प्रामाणिक मालकासाठी हा उपाय होता, लबाड व्यापाऱ्यासाठी मालाला दिलेली झिलई. अ‍ॅना सिवेलच्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या 1877 च्या कादंबरीत सारी घसरण एका सैल झालेल्या नालापासून सुरू होते. घोडा पडतो, गुडघे फुटतात आणि मग तो पुन्हा पुन्हा विकला जातो. लेखिका स्वतः लहानपणच्या दुखापतीमुळे पायाने अधू होती.

1886 मध्ये लंडनमध्ये अ‍ॅन लिंडो यांनी थकलेल्या घोड्यांसाठी विश्रामगृह काढले. गरीब गाडीवानाचा घोडा बरा होईपर्यंत त्याला कामासाठी दुसरा घोडा देण्याची सोयही तिथे होती. घोडा आजारी असला तरी मालकाची चूल थांबत नाही, हे ओळखून केलेली ही व्यवस्था होती.

खरी कसोटी लागली ती कैरोत. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने इजिप्तमधले हजारो घोडे तिथेच विकून टाकले. 1930 मध्ये घोडदळातल्या एका अधिकाऱ्याची पत्नी डोरोथी ब्रुक कैरोला आल्या, तेव्हा हे घोडे गाड्या ओढत होते. अंगावर सैन्याचा बाणाचा डाग, वय विशीच्या आसपास, पाय निकामी. 1931 मध्ये त्यांनी ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र लिहिले, वाचकांनी पैसे पाठवले आणि तीन वर्षांत सुमारे 5,000 घोडे विकत घेतले गेले. मालक बहुतेक गरीब होते. घोडा घेताना त्यांना किंमत मोजली जाई.

बहुसंख्य घोड्यांना ब्रुक यांनी काही दिवस मऊ पेंढा, पोटभर खाणे आणि पाणी दिले, आणि मग वेदनारहित मरण. नवे घर शोधले नाही, कारण असे घोडे घेणाऱ्याने पुन्हा त्यांना गाडीलाच जुंपले असते. 1934 मध्ये त्यांनी कैरोत रुग्णालय काढले; तिथे कष्टकऱ्यांच्या जनावरांवर मोफत उपचार होत.

आपल्या परंपरेला हे उत्तर रुचणारे नाही. मुंबईत 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. निरुपयोगी जनावरालाही अखेरपर्यंत सांभाळायचे, हे तिचे तत्त्व. त्यातली करुणा मोठी आहे. नफा-तोट्याच्या हिशेबात न बसणाऱ्या जिवाला तिने जागा दिली. पण खुराचे दुखणे नुसत्या जागेने भागत नाही. कडक फरशीवर, नालबंदाविना, भरपूर चारा खात उभा राहिलेला लॅमिनायटिसचा घोडा आश्रयातही यातनाच भोगतो. ब्रुक यांची चूक झालीच असेल, तर ती घाईची असू शकते. आपली चूक आयुष्य मोजून वेदना न मोजण्याची असू शकते.

म्हणून असा घोडा दुसऱ्याच्या हाती देताना दोन गोष्टी आधी स्पष्ट व्हाव्यात. देणाऱ्याने दुखणे लपवलेले नसावे, आणि तो कधीच काम करणार नाही हे घेणाऱ्याने मान्य केलेले असावे. पुढची दहा वर्षे नालबंदाचा खर्च कोण देणार आणि वेदना आवाक्याबाहेर गेल्यास निर्णय कोण घेणार, हेही त्याच वेळी ठरायला हवे.

हा प्रश्न आपल्याला दूरचा नाही. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. गाडीवानांच्या रोजीची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षे खूर झिजवलेल्या घोड्याला कोण घेईल, तो विकला जाईल की सांभाळला जाईल, हेही तितक्याच बारकाईने विचारायला हवे. नालबंदीची रक्कम मोहिमेआधी हाती पडे. मोहीम संपल्यावरच्या खर्चाला आपल्या भाषेत अजून नाव नाही.