पावसाळ्यातले रिकामे बंगले

जून महिना वेस्ट मांबलममध्ये उन्हातच सरतो. परंतु त्याच सुमारास सह्याद्रीकडील आमच्या कुलूपबंद घरांवर पाऊस कोसळू लागलेला असतो. रिकाम्या घराची ही चिंता महाबळेश्वरच्या वसाहतीइतकी तरी जुनी आहे.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1828 मध्ये तेथे आरोग्यस्थान वसविले. 1829 मध्ये सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांनी ती जागा इंग्रजांस देऊन बदल्यात खंडाळा गाव घेतले. पुढे मुंबई सरकार उन्हाळ्यात तेथे मुक्कामास जाऊ लागले. हिंदुस्थान सरकार 1864 पासून सिमल्यास जाई, मद्रास सरकार 1870 पासून उटकमंडला. सिमल्याचे बंगले हिवाळ्यात ओस पडत, महाबळेश्वरचे पावसाळ्यात. वर्षाला 200 इंचांहून अधिक पाऊस, आणि भिंती सच्छिद्र जांभ्या दगडाच्या! म्हणून पावसाळ्यापूर्वी छपरांप्रमाणे भिंतीही गवताने शाकारीत. वारापावसाचा मारा गवत सोशी व भिंत वाचे. हे काम दरसाल नव्याने करावे लागे.

एल्फिन्स्टन, लॉडविक या साहेबांची नावे तेथील पॉइंटांना मिळाली. गवत कापणारे, शाकारणारे आणि भर पावसात बंगला राखणारे हात मात्र अनामिकच राहिले. रिकामे घर अखेर मागे राहणाऱ्या माणसाच्या जिवावर उभे असते. गावाकडे आमची किल्ली सांभाळणाऱ्या शेजाऱ्यास आम्ही बदलीच्या लोकांनी निदान पावसाळ्याआधी चार ओळींचे पत्र तरी धाडावे.