हाली, कलदार आणि सोलापूरचा बाजार

जळकोटचा तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. पण लग्नाचा बस्ता बांधायचा तो सोलापुरात. पन्नास-साठ किलोमीटरांवरचं हे शहर आपल्या भागाची खरी बाजारपेठ. तिचा इतिहास सांगताना गिरण्या आणि पेठा मोजल्या जातात. सरहद्द ओलांडून येणाऱ्या गिऱ्हाइकाचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. १९४८पर्यंत जळकोट निजामाच्या राज्यात होतं आणि सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात.

ही सरहद्द मध्ये काही वर्षं पुसली गेली होती. १८५३च्या तहाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि १८६० साली तो निजामाला परत मिळाला. त्याच १८६० साली सोलापूरला आगगाडी पोचली. म्हणजे मुंबईचा माल दाराशी आला आणि त्याच वर्षी दारात पुन्हा सरहद्द उभी राहिली.

आगगाडीमागोमाग गिरण्या आल्या. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली. गिरणगावाचा बाजार हजेरीवर जगणाऱ्यांचा असतो, म्हणून तिथे प्रत्येक खिशाला जागा असते. सोलापुरात आजही तशी उतरंड दिसते. सोन्याला सराफ कट्टा. बस्त्याला चाटी गल्ली. चाटी म्हणजे जुन्या मराठीत कापडाचा व्यापारी. तयार कपड्यांना नवी पेठ, सणाच्या सामानाला मधला मारुती, भाजीला लक्ष्मी मंडई. आणि ज्याच्या खिशात अगदीच थोडं, त्याच्यासाठी जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेतला गड्डा. तिथे बांगड्या, खेळणी, भांडी यांच्यापुढे श्रीमंत-गरीब एकाच रांगेत उभे असतात.

पण आपल्या भागातल्या गिऱ्हाइकाचं स्वस्त-महाग दुकानात ठरत नसे, वाटेत ठरे. त्याच्या कनवटीला हाली शिक्का. सोलापूरच्या गल्ल्यावर चाले कलदार, म्हणजे इंग्रजी टांकसाळीत यंत्रावर पाडलेला रुपया. संस्थानाच्या शेवटच्या काळात ७ हाली रुपयांना ६ कलदार असा हिशेब होता. समजा, लुगड्याची किंमत १२ कलदार सांगितली, तर ते १४ हालींना पडे. शिवाय नाणं बदलून देणाऱ्याचा बट्टा वेगळा. परतताना सरहद्दीवर करोडगिरीचं नाकं, म्हणजे निजामाची जकात. सधन माणसाला हे सोसे. पण ज्याची खरेदीच एका लुगड्याची, त्याला बट्टा आणि जकात जड जात. दुकानात भाव करता येतो. नाक्यावर कोण भाव करणार?

यातली गंमत अशी की सोलापूरची हातमागावरची कसबी माणसं बरीचशी निजामाच्याच मुलखातली होती. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहराचा कापडधंदा मोठा केला. निजामाच्या मुलखातून गेलेल्या विणकरानं विणलेलं कापड निजामाची रयत परक्या नाण्यानं विकत घेई आणि घरी नेताना वर जकात भरे.

नोव्हेंबर १९४७मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. त्यानंतर लवकरच हैदराबाद सरकारनं वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात बेकायदा ठरवलं. सोन्या-चांदीच्या निर्यातीवरही बंधन आलं. दिल्लीतल्या राजकारणात ही दोन कलमं असतील, सरहद्दीवरच्या संसाराला तो बाजाराला बसलेला टाळा होता. ज्या नाण्यानं सोलापुरात खरेदी करायची, ते आता गावात चालत नव्हतं.

१३ सप्टेंबर १९४८ला पोलीस कारवाई सुरू झाली ती याच रस्त्यावरून. फौजेनं बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, नळदुर्गचा मोर्चा मोडला आणि सकाळी ९च्या सुमारास रणगाड्यांची तुकडी जळकोटात आली. दुपारी सव्वातीनला ती उमरग्याला होती. इतिहासात ही लष्करी मोहीम म्हणून नोंदली गेली. पण त्या दिवशी बाजाराची वाटही मोकळी झाली, हे सहसा कुणी लिहीत नाही.

नाणं मात्र रणगाड्याच्या वेगानं बदललं नाही. १९५०च्या एप्रिलमध्ये संस्थानांचं केंद्राशी आर्थिक एकीकरण झालं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि हाली त्या दशकाअखेर व्यवहारातून पुरता गेला. तोवर नव्या राज्यातही जुन्या नाण्याचा हिशेब करावा लागे.

आज महामार्गावरून तासाभरात सोलापूर गाठता येतं. कुठल्या पेठेत काय स्वस्त, हे कुणीही सांगेल. पण स्वस्ताई ही फक्त दुकानदाराची कृपा नसते. मधली नाकी उठली, एकच रुपया दोन्हीकडे चालू लागला, तेव्हा कुठे जळकोटच्या गरिबाच्या रुपयाला सोलापुरात पूर्ण सोळा आणे किंमत आली.