मायना ते लेखनसीमा

पेशवेकालीन मोडी पत्रे वाचताना आरंभी आम्हांला मायन्याचा कंटाळा येई. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य’ ही निव्वळ खुशामत वाटे. पुढे उमगले, की लिहिणाऱ्याचे व वाचणाऱ्याचे नाते मायन्यातच ठरे. मग क्षेमकुशल, ‘विशेष’ म्हणून मुख्य मजकूर आणि ‘बहुत काय लिहिणे’ हा समारोप. दरबारी पत्रांत अखेरीस ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब सुद’ असा शिक्का उमटे. त्याखाली कोणाला शब्द घुसडणे अवघड होई. सौजन्य आणि दक्षता एकाच चौकटीत नांदत.

आज विद्यार्थ्यांचे ईमेल बहुधा मायन्याविना, थेट मागणीनेच सुरू होतात. जुनी बिरुदे परत आणावीत असे आम्ही म्हणत नाही. मात्र आपण कोणाला व कशासाठी लिहीत आहोत, एवढे तरी लेखणी उचलण्यापूर्वी ठरावे.