कवटीपासून कोयनेपर्यंत : डेक्कन कॉलेजातल्या समाजशास्त्र विभागाची वाटचाल

१७ ऑगस्ट १९३९ रोजी येरवड्याचे डेक्कन कॉलेज पुन्हा उघडले, ते निराळ्याच रूपात. १८२१ साली विश्रामबागवाड्यात दक्षिणा फंडाच्या पैशावर निघालेली संस्कृत पाठशाळा, मग पुना कॉलेज, मग सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभी राहिलेली दगडी इमारत आणि तिच्यात शिकून गेलेले टिळक-आगरकर, एवढा वारसा असूनही सरकारने १९३४ साली कॉलेज बंद केले होते. माजी विद्यार्थी कोर्टापर्यंत भांडले. कॉलेज मिळाले, पण बी.ए.च्या वर्गांविना, पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. पहिल्या काळात तिथे आलेली माणसे मोजकी होती, पण कशी! पुरातत्त्वाला हसमुख सांकळिया, भाषाशास्त्राला सुमित्र मंगेश कत्रे, मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यंबक शंकर शेजवलकर आणि समाजशास्त्राला इरावती कर्वे. सुरुवातीला हा शेवटचा विभाग म्हणजे जवळजवळ बाईच.

इरावतीबाईंची स्कूटर सगळ्या पुण्याला ठाऊक आहे, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो. विभागाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली ती त्यांनी बरोबर आणलेली शिदोरी. मुंबईला गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए.; तिथून ग्रंथ आणि परंपरा वाचायची सवय लागली. पुढे बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत युजेन फिशर यांच्याकडे पीएच.डी. विषय होता माणसाच्या कवटीची असमान घडण. गोऱ्यांच्या कवटीत डावी-उजवी बाजू अधिक असमान असते आणि त्याचा संबंध त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाशी आहे, अशी फिशर यांची अटकळ. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असा काही वांशिक फरक दिसत नाही, असे लिहून दिले. पुढे हीच संस्था नाझींच्या वंशविज्ञानाची कार्यशाळा झाली, हे लक्षात घेतले म्हणजे १९३० सालच्या त्या प्रबंधाचे मोल कळते.

पण गंमत अशी की बर्लिनची मोजपट्टी बाईंनी टाकून दिली नाही. पुण्यात आल्यावरही डोकी, नाके, उंच्या मोजणे चालूच राहिले. सांकळियांबरोबर त्या गुजरातेत लांघणजच्या उत्खननावर गेल्या; तिथे सूक्ष्मपाषाण हत्यारांबरोबर माणसांचे सांगाडे निघाले होते. १९५१ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांचा ग्रंथ निघाला. दांडेकर संख्याशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे माणूस. पुढे दारिद्र्यरेषेच्या चर्चेत ज्यांचे नाव घेतल्याशिवाय पान हलत नाही, ते दांडेकर इथे नाकाच्या रुंदीचे गणित सोडवताना दिसतात. आज त्या मापांकडून फारसे काही हाती लागत नाही, असे माझे मत आहे. जनुकशास्त्राने ती वाटच बदलून टाकली. तरी त्या कामाने विभागाला एक वळण लावले: जातीविषयी बोलायचे तर आधी गावात जाऊन माणसे पाहायची, मोजायची, नोंदायची. पोथीतले चातुर्वर्ण्य नंतर.

त्या वळणाचे सगळ्यात मोठे फळ १९५३ साली आले. भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने काढला आणि जगभर विभागाची ओळख झाली. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे त्यांनी मांडले. उत्तरेत मुलगी लांब, अनोळखी गावात द्यायची. दक्षिणेत ती आत्याच्या किंवा मामाच्याच घरी जाते. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यातला: इथल्या अनेक जातींत मुलाला मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. मराठी वाचकाला यात नवे काही वाटणार नाही, घरोघरीच्या लग्नाच्या बोलण्यांत हे सगळे असतेच. पण त्या बोलण्याचा देशभराचा नकाशा काढायला कोणीतरी पंजाबापासून केरळापर्यंत हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांना ‘तुमच्यात साल्याच्या मुलीला काय म्हणता?’ असे विचारत बसावे लागते.

याच हिंडण्यातून जातीविषयीचे त्यांचे सगळ्यात वादग्रस्त म्हणणे पुढे आले. एका मूळ जातीचे तुकडे पडत पोटजाती झाल्या, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. बाईंनी उलटे सांगितले. महाराष्ट्रातले कुंभार पाहा: थोरचाके वेगळे, लहानचाके वेगळे. चाक वेगळे, एकमेकांत बेटीव्यवहार नाही. त्यांना ‘कुंभार’ या एका नावाखाली आणले ते धंद्याने. आप्तांचा गट म्हणून ते निरनिराळेच. म्हणजे जात हा विस्तारलेला सोयऱ्यांचा गोतावळा, आणि सारख्या धंद्याचे असे अनेक गोतावळे शेजारी ठेवले की त्यांचा समूह होतो. १९६८ साली कैलाश मल्होत्रा या आपल्या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण जातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली, तिच्यामागेही हाच प्रश्न होता: सारख्या दर्जाच्या या जाती खरोखर एका मुळाच्या आहेत का?

या मांडणीत एक उणीव मला नेहमी जाणवते. जाती वेगळ्या आहेत हे ती ठासून सांगते. त्या एकमेकींच्या वर-खाली कशा बसल्या, कोणी बसवल्या, हे सांगताना तिचा आवाज उतरतो. पंढरीच्या वारीवर ‘वाटचाल’ नावाचा सुंदर लेख लिहिणाऱ्या, आणि एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसते हे पाहून अस्वस्थ होणाऱ्या बाईंच्या शास्त्रीय पुस्तकांत ती अस्वस्थता तितकी उतरत नाही.

साठीच्या दशकात विभागाचा मोहरा बदलला. पुस्तकांची नावेच पाहावीत: पश्चिम खानदेशातले भिल्ल, १९६१. यशवंत दामले यांच्याबरोबर गावातले गटसंबंध, १९६३. जयंत रणदिवे‍ यांच्यासारख्या सहकाऱ्यांना घेऊन वाढत्या फलटण शहराचा आणि आसपासच्या मुलखाचा अभ्यास, १९६५. हेमलता आचार्य यांच्याबरोबर आठवडी बाजारांवरचे पुस्तक, १९७०. आठवडी बाजार हा अर्थशास्त्राचा विषय म्हणावा तर तिथे सोयरिकीही जुळतात, निरोप पोचतात, भांडणे मिटतात. समाजशास्त्राचा म्हणावा तर मिरचीचा भाव न विचारता त्याच्याविषयी काहीच कळत नाही. आदिवासी मुलखातला बाजार, खेड्यातला बाजार, शहरातला बाजार असे तिन्ही शेजारी ठेवून पाहायची कल्पना अशाच विभागाला सुचू शकते.

मला मात्र सगळ्यांत मोलाचे वाटते ते १९६९ सालचे कोयनेचे काम. इरावतीबाई आणि त्यांची कन्या जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांची पाहणी केली आणि डेक्कन कॉलेजने तिचा अहवाल छापला. त्या दिवसांत कोयना म्हणजे वीज, मुंबई-पुण्याचे कारखाने, राज्याचा अभिमान. १९६७ च्या डिसेंबरातल्या भूकंपाने कोयनेचे नाव देशभर झाले तेही धरणाला धोका आहे का, या काळजीने. सातारा जिल्ह्यातल्या त्या खोऱ्यातून उठलेले लोक कुठे गेले, ही चौकशी कोणाच्या अजेंड्यावर नव्हती. धरणाच्या हिशेबात सिमेंट असते, पाण्याची पातळी असते, बुडीत एकर असतात. मोबदल्याचे पैसे घेऊन गेलेले घर पुढच्या पावसाळ्यात काय खाते, भावकी एका जागी राहते की चार तालुक्यांत पांगते, देव कुठे नेतात, याला रकाना नसतो. नातेसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला तो रकाना चटकन दिसतो, कारण डोंगरातल्या गावात जमीन, पाणी आणि भावकी या तीन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. भारतात धरणग्रस्तांच्या अगदी सुरुवातीच्या अभ्यासांत या पाहणीची गणना होते. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला १९७६ मध्ये. बाई तोवर नव्हत्या. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

कोयनेच्या पाहणीच्या आगेमागेच महाभारतावरचे ‘युगान्त’ आले, १९६७ मध्ये, आणि पुढल्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला खांडववनाविषयीचा भाग मी कोयनेच्या अहवालाशेजारी ठेवून वाचतो. कृष्ण आणि अर्जुन एक अख्खे अरण्य जाळतात, पळणारे प्राणी आणि नाग पुन्हा आगीत लोटतात, आणि त्या राखेच्या मोबदल्यात पांडवांना मयसभा मिळते. बाईंनी इथे भक्तीचा पडदा बाजूला सारून विचारले: एवढी निर्दय कत्तल कशासाठी? त्यांना दिसले ते जमिनीसाठी रान मोकळे करणारे लोक आणि त्या रानावर जगणारे दुसरे लोक. भिल्लांच्या पाड्यांवर राहून आलेल्या अभ्यासकालाच महाभारतातले जंगल असे माणसांनी भरलेले दिसते.

बाईंनंतर विभागाची घडी विस्कटली, तरी धागा तुटला नाही. तो मल्होत्रांनी उचलला. धनगरांचा अभ्यास करत ते पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत गेले आणि त्यांना जोडीदार मिळाला माधव गाडगीळ. गोखले संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांचा हा मुलगा इरावतीबाईंना लहानपणापासून पाहत वाढलेला. या दोघांनी सह्याद्रीतल्या गवळी धनगरांवर लिहिले तो निबंध १९८२ चा. डोंगरमाथ्याच्या सपाट्यांवर गवळी, म्हशी घेऊन. खाली दरीत कुणबी, भात-नाचणी घेऊन. वरचे लोणी खाली येते, खालचे धान्य वर जाते. शिकार कुणबी करतात, गवळी करत नाहीत. एकाच डोंगरावर दोन जाती, पण दोघांचे पोट वेगवेगळ्या गोष्टींवर. नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांच्यातही त्यांना तेच दिसले: नंदीवाला कुत्री घेऊन रानडुकरामागे, वैदू मुंगसासारख्या लहान जनावरांमागे, पारधी फास लावून हरणा-तित्तिरांमागे. तिघे एकाच माळावर फिरतात आणि एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत.

यावरून जातिव्यवस्थेने निसर्गाचा वापर वाटून दिला आणि त्यामुळे तो जपलाही गेला, असे दोघांनी १९८३ मध्ये मांडले, तेव्हा टीका झाली. ती रास्तच होती. ज्याच्या वाट्याला मुंगूस आले त्याला कोणी विचारले होते? बाईंच्या मांडणीतली जुनी उणीव विद्यार्थ्याच्या हातून पुन्हा पुढे आली. तरी गवळ्या-कुणब्यांचा तो डोंगर आधी कोणी असा पाहिला नव्हता, हेही खरे.

आज डेक्कन कॉलेज अभिमत विद्यापीठ आहे. पुरातत्त्व, भाषाशास्त्र, संस्कृत कोशाचा प्रचंड प्रकल्प हे सगळे चालू आहे. समाजशास्त्राचा विभाग मात्र तिथे उरला नाही. त्याचे प्रश्न कधीकधी पुरातत्त्ववाल्यांच्या दारातून आत येतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ असे चालले. तिथे घरे, धान्याची कोठारे, पाण्याचा पाट आणि सांगाडे मिळाले. त्यावरून मधुकर ढवळीकरांनी इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास पाऊस कमी होत गेल्यावर शेतकरी वस्ती मेंढपाळीकडे कशी वळली, ते मांडले. माप, घर, पोट आणि पाऊस असे एकत्र पाहायची ती जुनीच रीत.

मराठी वाचकाला इरावती कर्वे ‘युगान्त’मुळे माहीत आहेत आणि ललित लेखांमुळे. त्यात वावगे काही नाही. पण कोयनेचा अहवाल वाचलेला माणूस मला क्वचितच भेटतो, आणि नव्या धरणाची, नव्या विमानतळाची घोषणा झाली की पुनर्वसनाच्या बैठकांत बसणाऱ्यांमध्ये तर एकही नाही.