ढेप, नळी आणि खाणपट्टा : गोव्यातील लोहखनिज वाहतुकीचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

गोव्याच्या आर्थिक इतिहासात लोहखनिजाच्या निर्यातीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. खाणमालक, परकीय चलन, न्यायालयीन निवाडे व पर्यावरणाची हानी हे त्या लेखनाचे नेहमीचे विषय होत. खनिज खाणीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत कसे नेले जात होते, हा प्रश्न मात्र बहुधा एका वाक्यात आटोपला जातो. वास्तविक डिचोली, सत्तरी, सांगे व केपे या तालुक्यांतील सामान्य माणसाचा खाणीशी खरा संबंध आला तो याच टप्प्यात. धूळ, अपघात, उखडलेले रस्ते आणि ट्रकच्या हप्त्यांवर चालणारा संसार हे सारे या वाहतुकीचेच परिणाम होत. बंदिस्त नळीतून खनिज वाहून नेणारे यंत्र, म्हणजे पाइप कन्व्हेयर, १९७० च्या दशकाच्या अखेरीस उपलब्ध झाले असता गोव्यात ट्रकचेच वर्चस्व का टिकून राहिले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खाण ते बंदर :

पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या कायद्यानुसार खाणींसाठी सवलती दिल्या जात. एका सवलतीचे क्षेत्र साधारणतः १०० हेक्टरच्या मर्यादेत असे आणि तिला मुदतीचे बंधन नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद उद्योगाची मागणी वाढली, तसा १९५० च्या दशकात या व्यवसायाने वेग घेतला. प्रारंभी खोदकाम हातानेच होई, खनिज निवडून वेगळे केले जाई आणि टोपल्यांनी भरले जाई. पुढे यंत्रे आली, पण वाहतुकीचा मूळ साचा बदलला नाही. खाणीपासून नदीपर्यंत ट्रक, तेथून मांडवी व जुवारी या नद्यांतून बार्ज आणि शेवटी मुरगाव बंदरात जहाज, अशी ही साखळी होती. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी समुद्र खवळला की बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीकडे वळविल्या जात.

या साखळीतील जलमार्ग निसर्गाने फुकट दिलेला होता. बंदरातील टोकही १९७९ साली यांत्रिक खनिज-हाताळणी प्रकल्प सुरू झाल्याने आधुनिक झाले. मागे राहिला तो बहुधा वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतला, गावांमधून जाणारा रस्त्याचा टप्पा.

नळीचे गणित :

पाइप कन्व्हेयर विकसित झाला तो जपानमध्ये, म्हणजे गोव्याच्या खनिजाचा त्या काळी जो प्रमुख ग्राहक होता त्याच देशात. यात रबरी बेल्टवर माल पडल्यानंतर बेल्टच्या दोन्ही कडा वर उचलून एकमेकींवर चढविल्या जातात आणि सहा रोलरांच्या षटकोनी कड्यांतून ही नळी पुढे सरकत राहते. माल झाकलेला असल्याने धूळ उडत नाही व सांडलवंड होत नाही. सामान्य उघड्या कन्व्हेयरला वळण घेणे जड जाते, नळी मात्र डोंगराच्या कडेने किंवा कुळागरांना वळसा घालून जाऊ शकते. वळणाची त्रिज्या कापडी बेल्टसाठी नळीच्या व्यासाच्या सुमारे ३०० पट, तर लांब पल्ल्याच्या पोलादी तारांच्या बेल्टसाठी सुमारे ६०० पट धरतात. ३०० मि.मी. व्यासाच्या नळीला याप्रमाणे अनुक्रमे ९० व १८० मीटर त्रिज्या पुरते. गोव्याच्या भूरचनेला इतके अनुकूल दुसरे साधन शोधूनही सापडणे कठीण.

परंतु नळीचा व्यास ठरविताना प्रथम मालाचे परिमाण पाहून चालत नाही, ढेपेचा आकार पाहावा लागतो. सर्वांत मोठी ढेप नळीच्या व्यासाच्या एक-तृतीयांशाहून मोठी नसावी व नळी तीन-चतुर्थांशापेक्षा अधिक भरू नये, असा स्थूल नियम आहे. उघड्या बेल्टवर माल जास्त झाला तर तो बाजूला सांडतो. नळीला सांडण्याची सोयच नाही. प्रमाणाबाहेरची ढेप आत आली की नळीचे तोंड उघडते किंवा बेल्ट रोलरांत रुततो, आणि लोहखनिजाच्या धारदार कडा रबर कापतात. म्हणून भरण्यापूर्वी चाळणी व नियंत्रित पुरवठा अपरिहार्य ठरतो.

हे गणित प्रत्यक्ष मांडून पाहण्याजोगे आहे. सर्वांत मोठी ढेप १०० मि.मी.ची धरली तर नळी किमान ३०० मि.मी. व्यासाची हवी. तिचा छेद ०.०७१ चौ.मी. असतो व त्यातील तीन-चतुर्थांश भाग भरतो. बेल्टचा वेग सेकंदाला २.५ मीटर आणि सैल खनिजाची घनता दर घनमीटरला २.२ टन घेतली, तर ही नळी ताशी सुमारे १,०५० टन माल वाहते. म्हणजे दर तासाला दहा टनी १०५ ट्रक. ढेप १५० मि.मी.ची असेल तर व्यास ४५० मि.मी. होतो आणि क्षमता सव्वादोन पटीने वाढून ताशी सुमारे २,३६० टनांवर जाते, मग खाणीला तितकी गरज असो वा नसो. वर्षाला पाच लाख टन काढणाऱ्या खाणीचे काम १,०५० टनांची नळी ४८० तासांच्या आत संपवील. रोज सोळा तास चालविली तर तो एका महिन्याचा खेळ होईल. उरलेले अकरा महिने किलोमीटरच्या किलोमीटर यंत्र उभेच राहील.

अर्थात ढेप फोडून लहान करता येते. ५० मि.मी.पर्यंत फोडलेल्या खनिजाला १५० मि.मी.ची नळी पुरते व तिची क्षमता ताशी सुमारे २६० टनांवर येते. मात्र त्यासाठी फोडण्याची व चाळण्याची यंत्रणा खाणीच्या तोंडाशी हवी. गोव्यात अनेक प्रक्रिया प्रकल्प नदीकाठी उभे होते, कारण तेथे पाणी व बार्ज दोन्ही जवळ. शिवाय ढेपांना चुऱ्यापेक्षा चढा भाव मिळत असल्याने त्या अधिक फोडणे व्यापाऱ्याला मानवणारे नव्हते.

पट्ट्याचे तुकडे आणि मुदतीचा प्रश्न :

तेव्हा अडचण यंत्रात नव्हती, जमिनीच्या वाटणीत होती. शंभर हेक्टरांच्या आतल्या अनेक सवलती वेगवेगळ्या मालकांकडे होत्या. एकट्या मालकाला नळी पुरेशी भरता येत नव्हती आणि अनेकांनी मिळून एक नळी टाकावी, तर स्पर्धकांनी एकमेकांचे खनिज एकाच बेल्टवरून, तेही प्रत वेगळी राखून, न्यायला हवे होते. ट्रकला यातले काहीच लागत नव्हते. मागणी वाढली की ट्रक वाढवावेत, घटली की थांबवावेत. त्याचे भांडवल ट्रकमालक कर्ज काढून घालत आणि मंदीचा भारही तेच सोसत. ट्रकची वाहतूक स्वस्त होती, असे म्हणताना हा हिशेब सहसा विसरला जातो.

काळाचा मेळही बसला नाही. सवलती बेमुदत होत्या तेव्हा हे यंत्र जगात नव्हते. ते आल्यावर थोड्याच वर्षांत १९८७ च्या कायद्याने त्या सवलती रद्द करून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर केले आणि प्रकरण न्यायालयात गेले. मालकी हक्क अधांतरी असताना वीस-पंचवीस वर्षांत वसूल होणारी गुंतवणूक कोण करणार? २००० नंतर चीनच्या मागणीने २०१०-११ मध्ये गोव्यातील बंदरांतून होणारी निर्यात ५ कोटी टनांच्या वर गेली, ती बव्हंशी कमी प्रतीच्या चुऱ्याची. चुऱ्याला लहान नळीही चालली असती. त्या तेजीत मात्र घाई होती ती खनिज जहाजावर चढविण्याची, आणि रस्त्यावर आणखी ट्रक आणणे हा त्याचा सर्वांत जलद मार्ग होता.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. एप्रिल २०१४ च्या निकालात पट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपल्याचे ठरवून वार्षिक उत्खननावर २ कोटी टनांची अंतरिम मर्यादा घालण्यात आली, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. दोन्ही वेळा ट्रक दारात उभे राहिले आणि हप्ते चालू राहिले. डिसेंबर २०२२ पासून राज्याने जुने पट्टे एकत्र करून मोठ्या खाणखंडांचे लिलाव आरंभिले व २०२४ मध्ये डिचोलीच्या खंडात काम पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी मये गावातून होणाऱ्या खनिज वाहतुकीचा वाद उच्च न्यायालयापुढे होता. नळी भरण्याइतका मोठा खंड आणि लिलावाने मिळालेली निश्चित मुदत या दोन्ही गोष्टी गोव्यात प्रथमच एकत्र आल्या असताना धक्क्याकडे जाणारा रस्ता मात्र गावातूनच जात होता.