खूण, नोंद आणि ओळख

दुर्ग जिल्ह्यातील उतई आज भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या परिसरातील नगरपंचायतीचे गाव म्हणून ओळखले जाते. तथापि या मुलखाचे मूळचे धन म्हणजे भात आणि गुरे. हरवलेले जनावर धन्याच्या दारी परत कसे यावे, हा प्रश्न म्हणूनच येथे जुना आहे.

किंबहुना तो अवघ्या देशाचाच जुना प्रश्न होय. पाणिनीने जनावरांच्या कानांवरील नऊ खुणा नमूद केल्या आहेत. स्वस्तिक, स्रुवा, छिद्र या त्यांपैकीच. महाभारतातील दुर्योधन द्वैतवनात गेला, तो गुरांची मोजदाद करून वासरांना डाग देण्याच्या निमित्ताने. कौटिल्य याहून पुढे गेला. डाग, अंगची खूण, रंग आणि शिंगांमधील अंतर हे सारे गोऽध्यक्षाने लिहून ठेवावे, असा त्याचा दंडक. खुणेला नोंदीची जोड मिळाली.

छत्तीसगडच्या खेड्यात ही वही राउताच्या स्मरणात असे. दिवाळीच्या सुमारास पळसाच्या मुळांच्या तंतूंची किंवा मोरपिसांची सोहई तो गाईच्या गळ्यात बांधतो. ती मंगलाची माळ. मालकीचा दाखला नव्हे. पण बांधणारा हात प्रत्येक गाय ओळखतो.

1871 च्या कायद्याने कोंडवाड्याची, म्हणजे येथील कांजी हाउसची, रीत पक्की केली. सात दिवसांत धनी न आल्यास दवंडी. आणखी सात दिवसांनी लिलाव. दंड आणि वैरणीचा खर्च भरल्यावाचून गाय सुटत नसे. तेव्हा गरिबाला ओळख पटवूनही ती मिळेलच, असे नव्हते.

2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाने लशीबरोबर कानात बारा अंकी बिल्ला दिला. कुत्र्यामांजरांच्या कातडीखाली तांदळाएवढी, पंधरा अंकांची कुपी बसविता येते. परंतु कुपीत पत्ता नसतो. तो दूर कोठेतरी नोंदलेला असतो. धनी घर बदलतो, दूरध्वनी बदलतो, गाय विकली जाते. नोंद तशीच राहिली, तर अंक मुका होतो.

दूध आटले म्हणून सोडून दिलेल्या गाईच्या कानातही बिल्ला असतो. तो वाचता येतो, धनीही सापडतो. पण गाय परत नेण्याची त्याचीच इच्छा नसली, तर पाणिनीपासून आजवरच्या साऱ्या खुणा तेथे निरुपाय ठरतात.